ऑलिव्ह घरी न्यायच्या आधी

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक. रोपासोबत मोफत. खड्डा खणायच्या आधी वाचावं, नंतर वाचून उपयोग नाही.)

आमच्या नर्सरीत ऑलिव्हच्या कुंडीपाशी थांबलेला माणूस आधी पानाची खालची चंदेरी बाजू उलटून बघतो आणि मग विचारतो, "फळं लागतील ना?" विक्री होण्याआधीच उत्तर देतो. नाशिकमध्ये हे झाड जगतं, वाढतं, वर्षभर हिरवं राहतं आणि फार देखणं दिसतं. फळाचा भरवसा आम्ही देत नाही. फळच हवं असेल तर शेजारच्या वाफ्यात लिंबू आहे, अंजीर आहे, ते न्या. ऑलिव्ह त्याच्या पानासाठी आणि खोडासाठी न्यायचं, फळ आलं तर बोनस समजायचा.

असं का, तेही सांगतो. ऑलिव्हची फुलकळी थंडीवर ठरते. हिवाळ्यात काही आठवडे रात्री दहा अंशांच्या खाली जायला हव्यात आणि दिवसही गार हवेत. आपल्याकडे जानेवारीत पहाटे हुडहुडी भरते, निफाडला तर पारा पाच अंशांच्याही खाली गेल्याच्या बातम्या येतात. पण त्याच दिवशी दुपारी दोन वाजता आपण पंखा लावतो. रात्रीनं कमावलेलं दुपार घालवून टाकते. एखादा हिवाळा लांबला तर बारीक, पांढुरक्या फुलांचे घोस येतातही, पण दरवर्षी येतील असं नाही.

कसमादे भागातले (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) डाळिंबवाले ग्राहक हमखास विचारतात, "ताण दिला तर बहार धरेल का?" नाही धरणार. डाळिंबाला पाणी तोडून बहार धरता येतो, ऑलिव्हला पाण्याचा नाही, थंडीचा इशारा लागतो. एका द्राक्ष बागायतदारांनी ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांना लावतात ती पेस्ट लावून बघू का, असं विचारलं होतं. पेस्टनं काडीवर असलेले डोळे (कोंब) लवकर आणि एकसारखे फुटतात, त्यात नसलेली फुलं येत नाहीत. उगाच झाड भाजेल.

मग राजस्थानात कसं पिकतं, हा पुढचा प्रश्न. तिथल्या सरकारनं २००७-०८ च्या सुमारास इस्रायलच्या मदतीनं लागवड सुरू केली आणि २०१४ मध्ये बिकानेर जिल्ह्यातल्या लूणकरणसरला तेलाचा कारखानाही उभा राहिला. पण बिकानेरचा हिवाळा आपल्यापेक्षा बराच कडक आणि पाऊस आपल्या निम्म्याहून कमी. आणि घरच्या झाडाच्या तेलाचं स्वप्न असेल तर हिशेब असा: एक लिटर तेलाला साधारण पाच-सहा किलो फळ लागतं.

कोणतं रोप घ्यायचं

घरच्या बागेला आमची पसंती आर्बेक्विना. मूळची स्पेनमधल्या कॅटलोनियाची, आटोपशीर वाढणारी, कुंडीत राहणारी, फुलांना फारशी थंडी न मागणारी, आणि एकटं झाड असलं तरी फळ धरू शकणारी. ग्रीसची कोरोनेकी दुसऱ्या नंबरावर, पानं आणखी बारीक, उन्हाला चिवट. इस्रायलची बार्निया सरळ उंच जाते. फार्महाऊसच्या फाटकापाशी ती शोभते, गॅलरीत नाही. परागण वाऱ्यानं होतं, त्यामुळे दोन वेगळ्या जाती जवळ असल्या तर चांगलंच, पण त्यासाठी मुद्दाम दुसरं झाड घ्यायला आम्ही सांगणार नाही.

बाजारात "इंडियन ऑलिव्ह" म्हणून बऱ्याचदा जलपाई विकतात. जलपाई चांगलं झाड आहे, बंगाल-आसामात तिचं लोणचं घालतात, पण ते ऑलिव्ह नव्हे. ओळखायला सोपं आहे. ऑलिव्हची पानं फांदीवर समोरासमोर जोडीनं येतात, अरुंद असतात, कडा सरळ असते आणि खालची बाजू चंदेरी. जलपाईची पानं मोठी, कडेला दातेरी, आणि गळायच्या आधी लाल होतात. खऱ्या ऑलिव्हचं गोत्र आपल्याला अगदी परकं नाही: मोगरा, जाई, पारिजातक एकाच कुळातले. महाबळेश्वरच्या जंगलातलं पारजांभूळ तर त्याचं सख्खं भावंडच.

बियांपासून केलेलं रोप घेऊ नका, स्वस्त मिळालं तरी. ते आईबापांसारखं निघत नाही आणि वर्षानुवर्षं फुलत नाही. काडीपासून किंवा कलमानं केलेलंच घ्यावं. आमच्याकडे घेताना रोप पिशवीतून काढून मुळं दाखवा म्हणावं, आम्ही दाखवतो. मुळांची टोकं पांढुरकी, टणक हवीत. तपकिरी आणि चिमटीत दाबल्यावर साल सुटून येणारी मुळं म्हणजे रोप आतून गेलेलं. वरची पानं पुढचे पंधरा दिवसही हिरवीच दिसतील, त्यावर जाऊ नका.

माती आणि पाऊस

आता खरा विषय. नाशिकमध्ये ऑलिव्ह उन्हानं मरत नाही, थंडीनं तर नाहीच. ते मरतं जुलै-ऑगस्टमध्ये, काळ्या मातीत, मुळाशी पाणी साचून.

हे आम्ही स्वतःच्या पैशानं शिकलो. पहिल्या खेपेला एका बाहेरच्या पुरवठादाराकडून बारा रोपं आणली. त्यानं सांगितलं, मृगाचा पाऊस पडला की लावा. आम्हालाही ते पटलं, आपल्याकडे सगळं काही तेव्हाच लावतात. मखमलाबाद रस्त्याच्या प्लॉटवर मळ्याची कसदार काळी जमीन, त्यात दोन-दोन फुटांचे खड्डे, वर भरपूर शेणखत. नागपंचमीपर्यंत शेंडे झुकले. आम्हाला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून उघडीप मिळताच आणखी पाणी घातलं. ऑगस्टअखेर आठ रोपं गेली. उपटून बघितलं तर नर्सरीच्या पिशवीतला कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा जसाच्या तसा, हातात पिळला तर पाणी गळेल इतका ओला, आणि मुळं त्याच्या बाहेर आलेलीच नव्हती. काळ्या मातीत खणलेला खड्डा म्हणजे बादली आणि कोकोपीट म्हणजे तिच्यातला स्पंज. उरलेली चार रोपं उंचवट्यावर मुरमात हलवली. त्यातली तीन आजही आहेत, फाटकाच्या आत डाव्या हाताला, बघून घ्या.

म्हणून आमचा सल्ला जूनमध्ये लावू नका असा आहे. दिवाळी झाल्यावर लावा. परतीचा पाऊस संपलेला असतो, जमिनीत ओल असते, आणि पुढच्या जूनपर्यंत मुळांना सात महिने मिळतात.

जागा ठरवली की तिथं दीड फूट खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसरं पाणी तीन-चार तासांत जिरलं तर जागा चालेल. सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळीही दिसलं तर खड्डा बुजवा आणि जमिनीच्या वर, द्राक्षाला बोद करतो तसा, फूट-दीड फूट उंच आणि चार फूट रुंद उंचवटा करा. त्यात अर्धा मुरूम हवा. लावताना मुळांभोवतीचा कोकोपीट बोटांनी हलकेच झाडून काढा. आपल्या जमिनीत चुनखडी आहे म्हणून घाबरू नका, ऑलिव्हला ती चालते. मात्र टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा घेतलेल्या वावरातली माती आणू नका. त्यांच्या मर रोगाची एक बुरशी ऑलिव्हलाही लागते, आणि आपल्या जिल्ह्यात टोमॅटो न घेतलेलं वावर शोधावं लागतं, हेही खरं.

इगतपुरी किंवा त्र्यंबककडे घर असेल तर जमिनीत लावूच नका. तिथला पाऊस या झाडासाठी नाही. सिन्नर, येवला, नांदगावकडच्या हलक्या माळरानावर मात्र ते आमच्यापेक्षा चांगलं येतं.

कुंडीत लावणाऱ्यांसाठी

फ्लॅटवाल्यांचं काम उलट सोपं आहे, कारण कुंडी उचलता येते. सुरुवातीला चौदा इंची मातीची कुंडी, दोन-तीन वर्षांनी अठरा इंची. तीन घमेली बारीक मुरूम, दोन घमेली पोयटा, एक घमेलं मुरलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. दिवसाला सहा तास सरळ ऊन हवंच, त्याहून कमी असेल तर झाड काटकुळं होतं. हॉलच्या कोपऱ्यात ठेवण्यासाठी मागणारे बरेच येतात. मासिकातल्या फोटोत छान दिसतं, घरात दोन-तीन महिन्यांत पानं गाळतं.

पाणी वारानुसार घालू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तर भोकातून बाहेर येईपर्यंत पाणी द्या, ओल लागली तर हात झटका. एप्रिल-मेमध्ये कुंडीला आठवड्यात दोन-तीनदा लागेल. पावसाळ्यात खालची थाळी काढून कुंडी दोन विटांवर ठेवा आणि झडीच्या दिवसांत पत्र्याखाली सरकवा, पण उजेडात.

छाटणी, किडी वगैरे

थंडी सरताना, फेब्रुवारीत, कोरड्या दिवशी छाटा. मधला भाग मोकळा ठेवून कपासारखा आकार द्यायचा, बुंध्याकडून येणारे फुटवे आणि सरळ वर धावणारे पाणसोट काढायचे. जोरात छाटू नका, कारण फूल आलं तर मागच्या वर्षीच्या काडीवर येतं. पावसात कात्री लावू नये.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड येते. मुंग्यांची रांग खोडावर दिसली की फांद्यांच्या बेचक्यात बघा. निंबोळी तेल आणि चिमूटभर साबण, संध्याकाळी फवारावं. पावसाळ्यात पानावर मोराच्या पिसासारखे गोल डाग पडले तर बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) फवारा, सौम्य. द्राक्षवाल्यांना प्रमाण सांगायची गरज नाही, बाकीच्यांनी आमच्याकडून विचारून घ्यावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जुनी पानं पिवळी होऊन गळतात, तेव्हा फोन करू नका. दोन-तीन वर्षांचं पान गळणारच.

आणि समजा फळ धरलंच, तर झाडावरून तोडून तोंडात टाकू नका. कारल्याची आठवण होईल इतकं कडू असतं. हिरवं आणि काळं ऑलिव्ह वेगळ्या झाडांचं नाही, एकाच फळाचं कच्चं-पिकलेलं रूप आहे. दोन्हींचा कडूपणा मिठाच्या पाण्यात मुरवून काढावा लागतो. फळाला एक चीर द्यायची, पहिले दहा-बारा दिवस रोज साधं पाणी बदलायचं, मग काचेच्या बरणीत लिटरला शंभर ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवायची. महिना-दीड महिन्यानं चाखून बघा, अजून कडू असेल तर झाकण पुन्हा लावा.

बदलीबद्दल: रोप नेल्यापासून तीस दिवसांत गेलं तर मुळांसकट आणा, बदलून देऊ. जून ते सप्टेंबर या काळात जमिनीत लावलेल्या रोपाची बदली मिळणार नाही. या काळात ऑलिव्ह मागितलं तर आम्ही कुंडीतच ठेवायचं कबूल करून घेऊन मगच देतो. पानांची तक्रार असेल तर फोटो पाठवण्यापेक्षा एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन या. सोमवारी नर्सरी बंद असते.