बाळ बडबडं कशामुळे होतं? जपानी-अमेरिकन आयांच्या अभ्यासामागचा इतिहास

१९६० च्या दशकात विल्यम कॉडिल हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी जपान आणि अमेरिकेतल्या शहरी मध्यमवर्गीय घरांत जाऊन तासन् तास बसायचे आणि दर १५ सेकंदांनी एक नोंद करायचे, आई काय करतेय, बाळ काय करतंय. ३० जपानी बाळं, ३० अमेरिकन, सगळी ३-४ महिन्यांची. १९६९ साली निष्कर्ष छापून आले. दूध पाजणं, लंगोट बदलणं, झोप यात फारसा फरक नव्हता, फरक होता तो उरलेल्या वेळात. अमेरिकन आई बाळाशी सारखी गप्पा मारायची, त्याला बोलतं करायची, आणि बाळही आनंदाने हुंकार द्यायचं. जपानी आई बाळाला जवळ घेऊन जोजवायची, शांत करायची, ते झोपलं तरी आसपासच असायची, आणि तिचं बाळ शांत असायचं.

मग प्रश्न आलाच, हे रक्तातच असतं की काय? याचं उत्तर ना टोकियोत मिळणार होतं ना वॉशिंग्टनमध्ये, ते स्थलांतरितांच्या घरातच मिळणार होतं.

आणि तशी घरं कॅलिफोर्नियात होती, पिढ्या अगदी स्पष्ट वेगळ्या दिसतील अशी, कारण जपान्यांचं येणं कायद्यानेच अडवलं गेलं होतं. १९०७-०८ च्या जपान-अमेरिका करारानंतर मजूर यायचे थांबले, पण १९२० पर्यंत नुसता फोटो बघून लग्न ठरलेल्या बायका येत राहिल्या, आणि १९२४ च्या कायद्याने तर दारच बंद केलं. म्हणून तिथे आलेले ते इस्सेई, त्यांची मुलं निसेई, नातवंडं सान्सेई. त्यात दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकन सरकारने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, त्यातले बहुसंख्य अमेरिकेतच जन्मलेले नागरिक! युद्धानंतर बऱ्याच निसेई आईबापांनी मुलांना पक्कं अमेरिकन म्हणूनच वाढवलं, घरात इंग्रजीच. हे भीतीपोटी झालं, हौसेने नाही, आणि हा भाग वगळून नुसते निष्कर्ष सांगितले जातात याचं मला फार वाईट वाटतं.

कॉडिल आणि लोइस फ्रॉस्ट यांनी सॅक्रामेंटोमधल्या सान्सेई आया बघितल्या तर त्या बाळाशी अमेरिकन आयांसारख्याच भरपूर बोलत होत्या आणि बाळंही तशीच बडबडी, पण काही बाबतींत जपानी वळण टिकून होतंच. अभ्यास छोटा होता खरा, पण रक्ताचा मुद्दा त्याने बराच ढिला केला. पुढे मार्क बॉर्नस्टाइन आणि लिंडा कोट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या जपानी आणि दक्षिण अमेरिकन वंशाच्या आयांवर असंच काम केलं.

आपल्याकडच्या बायका न्यू जर्सीत बाळाला तेल लावून, अंगाई म्हणत पायावर जोजवतात तेव्हा कुणीतरी म्हणतंच, असं केलंत तर बाळ परावलंबी होईल. बाळाने वेगळ्या क्रिबमध्ये झोपावं हा डॉक्टरांचा सल्ला सुरक्षिततेचा आहे, तो पाळायलाच हवा, पण दिवसभर बाळाला कडेवर घेणाऱ्या आईला कुणी मागासलेली म्हणायचं काहीच कारण नाही.