बजरीगर : पालन आणि प्रजनन

बजरीगर हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातील लहान पोपट असून, छंद म्हणून पिंजऱ्यात पाळल्या जाणाऱ्या पक्ष्यांमध्ये तो जगभर अग्रभागी आहे. त्याचे शास्त्रीय नाव मेलोप्सिटॅकस अंड्युलेटस असे असून या प्रजातीत (जीनसमध्ये) ही एकच जाती (स्पीशीज) आहे. महाराष्ट्रातील पक्षीबाजारांत त्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. खरे लव्हबर्ड मात्र आफ्रिकेतील, आखूड शेपटीचे आणि जाड चोचीचे वेगळे पोपट होत. जंगली बजरीगर सुमारे १८ सेंटीमीटर लांब आणि ३० ते ४० ग्रॅम वजनाचा असतो. त्याचे अंग हिरवे व चेहरा पिवळा असून डोक्याच्या मागील भागापासून पंखांपर्यंत काळ्या नागमोडी रेघा असतात. गालांवर जांभळट डाग आणि गळ्यावर काळे ठिपके दिसतात.

जॉर्ज शॉ यांनी १८०५ मध्ये या पक्ष्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले आणि तेव्हापासून युरोपात त्यांची आवड पसरत गेली. पिंजऱ्यात तो सहज वीण घालतो हे लक्षात आल्यावर बेल्जियम, जर्मनी व इंग्लंडमध्ये त्याची पैदास वाढली आणि रंगभेद दिसू लागले. आधी पिवळे पक्षी निपजले, १८८० च्या सुमारास बेल्जियममध्ये निळे निपजले आणि १९१० मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ते लोकांसमोर आले. १९२० च्या दशकात जपानमध्ये निळ्या पक्ष्यांना भलतीच मागणी आली होती. इंग्लंडमधील हौशी पालकांनी १९२५ मध्ये बजरीगर क्लब स्थापन केला. तोच पुढे बजरीगर सोसायटी या नावाने ओळखला जाऊ लागला. आज ऑस्ट्रेलियातून जंगली पक्ष्यांची व्यापारी निर्यात होत नाही, त्यामुळे भारतात विकला जाणारा प्रत्येक बजरीगर पिंजऱ्यातच निपजलेला असतो.

या छंदातील बहुतेक नियमांचे मूळ पक्ष्याच्या रानातील जगण्यात सापडते. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात पावसाचा भरवसा नसतो. बजरीगरांचे थवे पाणी व गवताचे बी शोधत भटकत राहतात आणि पाऊस पडून बी पिकले की निलगिरीच्या ढोलीत घाईघाईने वीण घालतात. वीण ठरावीक महिन्याची नसून सुबत्तेची असते. पिंजऱ्यात दाणा-पाणी बारमाही मिळते, थव्यातील नरांची किलबिल कानी पडत असते आणि समोर अंधारी पोकळी टांगलेली असते, तेव्हा मादीच्या दृष्टीने सुकाळ कधी संपतच नाही. म्हणूनच बजरीगराची वीण मिळवणे सोपे आणि ती वेळेवर थांबवणे अवघड असते. पालकाचे कौशल्य जोखायचे ते या दुसऱ्या कामावरून.

नर-मादी ओळखण्याची खूण चोचीच्या मुळाशी, नाकपुड्यांभोवतीच्या मऊ पट्टीवर असते. प्रौढ नरात ती गडद निळी, तर मादीत पांढरट ते तपकिरी असते. विणीला आलेल्या मादीची पट्टी गडद तपकिरी व खडबडीत होते. कोवळ्या पिल्लांमध्ये ही खूण फसवते. पिल्लू मादीची पट्टी फिकट निळसर असली तरी नाकपुड्यांभोवती पांढरे कडे असते आणि पिल्लू नराची सलग गुलाबी-जांभळी असते. ल्युटिनो (लाल डोळ्यांचा पिवळा), अल्बिनो (लाल डोळ्यांचा पांढरा) व काही ठिपकेदार रंगभेदांच्या नरांमध्ये ती जन्मभर गुलाबी-जांभळीच राहते, त्यामुळे नवखे ग्राहक दोन नरांची ‘जोडी’ घेऊन घरी येतात. वयाची खूण कपाळावर असते. पिल्लाच्या कपाळावरील काळ्या रेघा थेट नाकापर्यंत येतात आणि तीन-चार महिन्यांनी पहिली पिसे गळाली की कपाळ स्वच्छ होते. त्यानंतर काही महिन्यांनी बहुतेक रंगभेदांच्या डोळ्यांत बाहुलीभोवती पांढरे वलय दिसू लागते.

वर्षभराच्या आतबाहेरच्या निरोगी पक्ष्यांचीच जोडी लावावी. त्याहून कोवळ्या मादीत अंडे अडकण्याचा धोका अधिक असतो. युरोपात पुढच्या बाजूला भोक असलेली लाकडी पेटी वापरतात, तर आपल्याकडे बाजूला भोक पाडलेले मातीचे मडके टांगण्याची पद्धत रुळली आहे. मडके स्वस्त असते आणि धुऊन उन्हात वाळवता येते. मात्र त्यात डोकावून पाहणे कठीण असते आणि गुळगुळीत तळ कोरा ठेवला तर पिल्लांचे पाय दोन्ही बाजूंना फाकून कायमचे अधू होऊ शकतात. म्हणून तळाशी लाकडाचा जाड भुसा घालतात. पेटीच्या तळाला तर मुद्दाम खोलगट खाच कोरलेली असते. एका मोठ्या पिंजऱ्यात अनेक जोड्या असतील तर जोड्यांपेक्षा जास्त मडकी, सारख्या उंचीवर टांगावीत आणि जादा मादी कधीही ठेवू नये; रिकामी मादी दुसरीच्या मडक्यात घुसते आणि त्या मारामारीत अंडी फुटतात, पिल्ले मरतात, क्वचित माद्याही मरतात.

अंडी घालण्याआधी मादी बराच वेळ मडक्यात काढते आणि तिची विष्ठा एकदम मोठ्या गोळ्यासारखी पडू लागते, कारण घरटे घाण होऊ नये म्हणून ती तासन्‌तास धरून ठेवते. नवख्याला तो आजार वाटतो, मुरलेला पालक मात्र अंड्याची तारीख मोजू लागतो. मादी दिवसाआड एक याप्रमाणे बहुधा चार ते सहा पांढरी अंडी घालते. उबवण्याचे काम तिचे एकटीचे असते आणि नर तिला बाहेरून भरवत राहतो. अंडे साधारण १८ दिवसांत फुटते. मादी पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच बसत असल्याने पिल्लेही दिवसाआड निघतात; पाच अंडी असतील तर थोरल्या व धाकट्या पिल्लात आठेक दिवसांचे अंतर पडते. एकाच मडक्यात डोळे उघडू लागलेले, मान धरणारे पिल्लू आणि त्याच्या पायांशी सुमारे दोन ग्रॅम वजनाचा, आंधळा, उघडावाघडा गुलाबी जीव अशी विषम भावंडे असतात. तरीही धाकटे जगते ते मादीच्या भरवण्यामुळे. ती लहानग्याला पातळ पाचित अन्न आणि थोरल्यांना अधिक दाणेदार घास देते. मडके तपासताना पिल्लाच्या गळ्याखालचे अन्नपुट भरलेले आहे की रिकामे, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. प्रदर्शनासाठी पिल्ले वाढवणारे पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास पायात ओळखीची, सांधा नसलेली बंद कडी चढवतात, कारण पुढे पंजा मोठा झाला की ती चढत नाही आणि चढवलेली निघत नाही. पिल्ले ३० ते ३५ दिवसांची झाली की बाहेर येतात, आणखी आठवडाभर नर त्यांना भरवतो, आणि ती स्वतः दाणे सोलून खाऊ लागली की वेगळी करता येतात.

याच सुमारास मादीने दुसरी अंडी घातलेली असण्याची शक्यता असते. लागोपाठ दोन विणी झाल्यावर मडकी काढून जोडीला काही महिने विश्रांती द्यावी, असा जाणत्या पालकांचा दंडक आहे. तिसऱ्या-चौथ्या विणीपर्यंत मादीच्या हाडांतील कॅल्शियम ओढले जाते, कवच पातळ होते आणि अंडे अडकते. अशी मादी पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसते व शेपटी वरखाली करत जोर लावते. तिला ताबडतोब ऊब देऊन पशुवैद्याकडे नेले नाही तर ती काही तासांत दगावू शकते. बाजारात फक्त अंड्यांचा आकडा मोठा दिसावा म्हणून मडकी वर्षभर टांगून ठेवणे हे पालन नव्हे. मडकी काढूनही मादी भांड्यात अंडी घालू लागली, तर प्रकाशाचे तास व मऊ, पौष्टिक खाऊ कमी करतात आणि गरज पडल्यास नर-मादी वेगळे ठेवतात.

रंगांची आनुवंशिकता हा या छंदाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. हिरवा रंग दोन गोष्टींतून होतो : पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे परावर्तित होणारा निळा प्रकाश आणि त्यावर पोपटांमध्येच आढळणारे पिवळे रंगद्रव्य. हे रंगद्रव्य तयार झाले नाही की पक्षी निळा दिसतो. त्यामागचा जनुकातील एक बदल २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात निश्चित झाला. निळेपणा अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही आला तरच दिसणारा असल्याने दोन हिरव्या, पण निळ्याच्या वाहक पक्ष्यांच्या पिल्लांत सरासरी चारातले एक निळे निघते. अशा वाहकांना पालक ‘स्प्लिट’ म्हणतात. गडदपणाचा घटक वेगळा असून तो मुळीच नसतो किंवा एक वा दोन मात्रांत असतो. त्यामुळे आकाशी, कोबाल्ट व मॉव्ह अशा तीन निळ्या छटा मिळतात आणि हिरव्यातही तशाच तीन. ल्युटिनो, अल्बिनो, सिनॅमन (काळ्याऐवजी तपकिरी रेघा) व ओपलाइन (डोके व पाठीवर पुसट रेघा) ही लक्षणे लिंगसहलग्न, म्हणजे लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावरून उतरणारी आहेत. पक्ष्यांत दोन भिन्न लिंगगुणसूत्रे मादीत असतात, त्यामुळे मुलीला हे लक्षण फक्त बापाकडून मिळते. म्हणून ल्युटिनो नर आणि साधी हिरवी मादी यांच्या सर्व मुली ल्युटिनो व सर्व मुलगे हिरवे, पण स्प्लिट होतात. अशा जोडीच्या पिल्लांची लिंगे अंड्यातून निघाल्या दिवशीच सांगता येतात, कारण मिटलेल्या पातळ पापणीखाली ल्युटिनोचा डोळा लाल आणि इतरांचा काळा दिसतो.

प्रदर्शनाचा पक्षी घरातल्या पक्ष्याहून निराळा भासतो. बजरीगर सोसायटीच्या मानकात आदर्श लांबी २१६ मिलिमीटर मानली आहे. डोके मोठे व रुंद, कपाळावरील पिसे दाट व पुढे झुकलेली आणि गळ्यावर सहा ठळक, सम अंतरावरचे ठिपके अशी अपेक्षा असते. मोठ्या पिसांच्या या हव्यासात काही वंशांत प्रजननक्षमता घटली आहे. काही पिल्ले पिसांची वाढ थांबतच नसल्याने गोंड्यासारखी दिसतात आणि फार जगत नाहीत. यामुळे साध्या, घरगुती ठेवणीचा पक्षी छंदासाठी कमी प्रतीचा मानण्याचे कारण उरत नाही.

आहारात राळे, वरई, बाजरी व कॅनरी बी हे मुख्य धान्य असते. पक्षी दाणा सोलून टरफल भांड्यातच टाकतो, म्हणून वरून भरलेले दिसणारे भांडे आत रिकामे असू शकते. रोज फुंकर मारून टरफले उडवावीत आणि मगच दाणा आहे की नाही हे ठरवावे. निव्वळ धान्यावर ठेवलेल्या पक्ष्यांत जीवनसत्त्व अ आणि आयोडीन यांची कमतरता, लठ्ठपणा व यकृतात चरबी साठणे हे विकार दिसतात. त्यामुळे कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर द्यावे. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे समुद्रफेन (कटलफिश या समुद्री जीवाचे हलके पांढरे कवच) पिंजऱ्याला बांधतात. अॅव्होकॅडो व चॉकलेट विषारी आहेत. नॉनस्टिक तवा फार तापल्यावर निघणारा वायू पक्ष्याला मिनिटांत मारू शकतो, म्हणून स्वयंपाकघरात पिंजरा नसावा. पिंजरा उंचीपेक्षा रुंद असावा, कारण पक्षी आडवा उडतो. बसायला एकसारख्या गुळगुळीत दांड्यांऐवजी पेरू किंवा कडुनिंबाच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या द्याव्यात. कोकणातील पावसाळ्यात साठवलेल्या धान्याला बुरशी लागते, तर विदर्भातील मे महिन्यात बंद मडके भट्टीसारखे तापते. दोन्ही ठिकाणी त्या काळात वीण न घेणे बरे.

रानात अशक्त पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत भरतो, त्यामुळे बजरीगर आजार लपवतो आणि तो फुगून बसलेला दिसेपर्यंत दुखणे पुढे गेलेले असते. चोच व डोळ्यांभोवती मधाच्या पोळ्यासारखी खडबडीत खपली दिसली तर ती सूक्ष्म किडीमुळे असते. वैद्याने ठरवलेल्या मात्रेत आयव्हरमेक्टिन दिल्यास ती बरी होते. भरपूर खाऊनही वाळत जाणे, विष्ठेत अख्खे दाणे पडणे हे जठरातील बुरशीचे लक्षण असू शकते. सिटॅकोसिस हा जिवाणूजन्य आजार माणसालाही होतो, तेव्हा पिंजरा साफ करताना वाळलेली घाण कोरडी न झाडता ओली करून काढावी, आणि नवा पक्षी काही आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावा.

बोलण्याची क्षमता नरांत अधिक असते. न्यूकॅसल अपॉन टाइन येथील स्पार्की विल्यम्स या बजरीगराने १९५८ मध्ये बीबीसीच्या स्पर्धेत बक्षीस मिळवले होते. अमेरिकेतील पक नावाच्या बजरीगराच्या नावावर १,७२८ शब्दांचा गिनीज विक्रम आहे. लहानपणी एकटा व माणसांत वाढलेला पक्षीच सहसा बोलतो. थव्यातला थव्याचीच भाषा बोलतो.

कायद्याच्या दृष्टीने बजरीगर विदेशी पक्षी आहे. भारतीय पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरत असला तरी बजरीगर पाळता येतो. आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक सायटीस कराराच्या परिशिष्टांतही तो नाही. विक्रेत्याला मात्र २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. दया म्हणून पक्षी मोकळे सोडणारे लोक आहेत. पिंजऱ्यात निपजलेला बजरीगर आपल्याकडे बाहेर टिकत नाही. कावळे किंवा शिक्रा बहुधा पहिल्याच दिवशी त्याला टिपतात. पक्षी नको झाल्यास तो दुसऱ्या पालकाला द्यावा.