दोनशे अंशांच्या वाऱ्यात पन्नास अंशांचा चुरो

‘तेलाशिवाय तळलेले मेक्सिकन चुरो!’ एअर फ्रायरच्या जाहिरातींत आणि पाककृतींच्या व्हिडिओंत हे वाक्य सध्या सारखं कानावर पडतं. चुरो म्हणजे मैद्याच्या उकडीची तळलेली, लांब, गोड कांडी. एअर फ्रायरमध्ये चुरो होतात, मन लावून केले तर छान होतात. पण ते तळणं नव्हे. तेल जाऊन त्या जागी हवा आली की चुरोच्या पृष्ठभागावर काय घडतं, हे समजून घेतलं तर पाककृती का बिघडते आणि कशी सुधारते, दोन्ही कळतं.

आधी पदार्थाविषयी. गहू मेक्सिकोत पोहोचला तो सोळाव्या शतकात, स्पॅनिश लोकांबरोबर. मक्याच्या त्या देशात मग गव्हाच्या गोड पदार्थांचं मोठं दालनच उघडलं: साखरेचं कवच असलेले कोंचा पाव, भोपळ्याचं सारण भरलेल्या एम्पानादा, नाताळातले कुरकुरीत बुन्युएलो आणि अर्थातच चुरो. मेक्सिको सिटीच्या मध्यवस्तीत ‘एल मोरो’ नावाचं दुकान १९३५ पासून चुरो विकतं आहे. कढईत पिठाची लांबच लांब गुंडाळी सोडायची, तळून झाल्यावर तिचे तुकडे करायचे, साखर-दालचिनीत घोळवायचे आणि गरम चॉकलेटबरोबर द्यायचे. मेक्सिकन स्वयंपाकात लाडकी असलेली दालचिनी श्रीलंकेची: पातळ सालीची, सहज चुरडणारी, सौम्य वासाची.

चुरोचं पीठ म्हणजे मैद्याची उकडच. उकडीच्या मोदकासाठी आपण उकळत्या पाण्यात तांदळाची पिठी घालून घोटतो, तसंच इथे उकळत्या पाण्यात मीठ, थोडं लोणी किंवा तेल आणि मैदा घालून पिठाचा गोळा भांड्याची कड सोडेपर्यंत घोटायचा. गव्हाच्या स्टार्चचे कण साधारण ५५ ते ६५ अंश सेल्सिअसला पाणी शोषून फुगतात, फुटतात आणि त्यांची खळ होते. ही खळ कच्च्या कणकेपेक्षा कितीतरी जास्त पाणी धरून ठेवते, आणि पुढची सगळी गंमत त्या पाण्याचीच आहे.

हे पीठ १८० ते १९० अंशांच्या तेलात पडलं की पृष्ठभागावरचं पाणी उकळायला लागतं. ते जे बुडबुडे दिसतात, ते शुद्ध वाफेचे असतात. पिठाला सगळीकडून वाफेने वेढलेलं असतं, कोरडी हवा कुठेच नसते. त्यामुळे ओला पृष्ठभाग १०० अंशांना पोहोचतो आणि पाणी संपेपर्यंत तिथेच थांबतो. तेल उष्णताही भराभर पुरवतं. सारख्याच आकारमानाचं तेल आणि गरम हवा घेतली, तर एका अंशामागे तेलात हवेच्या दोन हजार पटींहून जास्त उष्णता मावते. म्हणून कढईत काही सेकंदांतच साल धरते. आत मात्र वाफ तयार होतच असते आणि पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १७०० पट जागा मागतं. पिठात हवेची पोकळी राहिली असेल तर साल फुटून तेल उडतं. चुरो चांदणीच्या साच्यातून पाडतात त्याचं एक कारण हेच: खाचाखोचांमुळे पृष्ठभाग वाढतो, वाफेला ठिकठिकाणी वाट मिळते आणि चुरो आतपर्यंत सारखा शिजतो. गुळगुळीत नळीसारखा चुरो जास्त धोक्याचा.

आता एअर फ्रायर. फिलिप्सने २०१० मध्ये बाजारात आणलेल्या या यंत्रात वर तापणारी कॉइल, तिच्यावर जोरदार पंखा आणि खाली जाळीची टोपली असते. म्हणजे छोटी, वाऱ्याची भट्टी. तापमान २०० अंशांवर ठेवलं की आपण धरून चालतो की आतला चुरो लगेच शंभरीपार गेला. तसं होत नाही. पहिली काही मिनिटं त्याचा ओला पृष्ठभाग ५० अंशांच्या आसपास रेंगाळतो!

यावर विश्वास बसत नसेल तर १७७४ सालच्या लंडनमध्ये जाऊ. चार्ल्स ब्लॅग्डेन हा वैद्य, जोसेफ बँक्स हा निसर्गशास्त्रज्ञ आणि आणखी काही मंडळी एका मुद्दाम तापवलेल्या खोलीत शिरली. एका प्रयोगात पारा २६० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे १२७ अंश सेल्सिअसपर्यंत गेला. माणसं धडधाकट बाहेर आली, कारण घाम वाळताना शरीरातली उष्णता घेऊन जात होता. त्याच खोलीत ठेवलेली अंडी वीसेक मिनिटांत टणक झाली. मांसाचा एक तुकडा ३३ मिनिटांत गरजेपेक्षा जास्तच शिजला. संध्याकाळी खोली आणखी तापली होती, तेव्हा त्यांनी नव्या तुकड्यावर भात्याने वारा घातला आणि त्याचा बराचसा भाग १३ मिनिटांत तयार झाला. ब्लॅग्डेनने हे १७७५ मध्ये रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेच्या नियतकालिकात छापलं. एअर फ्रायरच्या सव्वादोनशेहून अधिक वर्षं आधी त्याचं तत्त्व इतक्या स्पष्टपणे लिहून ठेवलेलं वाचताना मला आजही रोमांच उभे राहतात.

या प्रयोगात दोन गोष्टी गुंतलेल्या आहेत. पहिली वाऱ्याची. कोणत्याही वस्तूला हवेचा पातळ, जवळजवळ स्थिर थर चिकटलेला असतो आणि हवा उष्णतेची वाहक म्हणून फार वाईट. वारा हा थर झिजवतो, मग उष्णता आत शिरते. दुसरी गोष्ट बाष्पीभवनाची. तोच वारा ओलावाही उडवून नेतो आणि ओलावा जाताना उष्णता घेऊन जातो. एकाच वाऱ्याने तापायचंही आणि निवायचंही! हा हिशेब जिथे बरोबरीत सुटतो, तिथे पृष्ठभागाचं तापमान स्थिरावतं. वेधशाळेत ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकावर जे वाचतात, तेच हे ओल्या गोळ्याचं तापमान.

हिशेब थोडा अवघड आहे, पण करून पाहण्यासारखा आहे. एक किलो हवा एका अंशाने थंड होताना साधारण एक किलोज्यूल उष्णता देते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ किलोज्यूल लागतात. १९० अंशांची हवा चुरोला घासून ५० अंशांवर आली, तर किलोमागे १४० किलोज्यूल मिळाले. त्यात सुमारे ५८ ग्रॅम पाणी उडेल. मुंबईच्या दमट हवेत किलोमागे वीसेक ग्रॅम बाष्प आधीच असतं. बेरीज ७८ ग्रॅम. आणि ५० अंशांना एक किलो कोरडी हवा जास्तीत जास्त ८६ ग्रॅम बाष्प धरू शकते. दोन आकडे जवळजवळ जुळले; अंशभर खाली उतरलं की पुरते जुळतात. प्रत्यक्ष यंत्रात कॉइलची थेट धग लागते आणि टोपलीत वाफही साठते, त्यामुळे तापमान याहून काहीसं वर राहतं. तरीही कढईतल्या १०० अंशांपासून ते बरंच दूर असतं.

ओलावा पृष्ठभागापर्यंत पोहोचत असतो तोवर ही स्थिती टिकते. मग आतून येणारं पाणी कमी पडू लागतं, ओली हद्द आत सरकते आणि बाहेरचा कोरडा थर झपाट्याने तापतो. १४० अंशांच्या पुढे साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातल्या, लुई कामिय मेयार याने १९१२ मध्ये वर्णन केलेल्या अभिक्रिया जोर धरतात. सोनेरी रंग आणि भाजल्याचा वास त्यांचाच. चौथ्या-पाचव्या मिनिटाला टोपली ओढून पाहा: चांदणीच्या कडा निस्तेज, कोरड्या झालेल्या असतात, खाचा अजून ओलसर चमकत असतात. कडांना दोन बाजूंनी वारा लागतो, म्हणून त्या आधी वाळतात आणि रंगही आधी त्यांनाच चढतो.

यातून पाककृतीतल्या सूचनांचा अर्थ लागतो. पृष्ठभाग बराच वेळ कोमट राहतो, म्हणजे साल धरायला वेळ लागतो आणि तोवर चुरो पसरू शकतो. त्यासाठी पिठात अंडं घालतात: त्यातली प्रथिनं ६० ते ८० अंशांच्या दरम्यान घट्ट होतात आणि आकार धरून ठेवतात. अंडं नको असेल तर पीठ किंचित घट्ट ठेवा आणि पाडलेले चुरो तासभर फ्रीजमध्ये ठेवा. लोणी गोठलं की कडा ठसठशीत राहतात. यंत्र आधी तापवून घ्या. चुरो एकमेकांना चिकटू देऊ नका, कारण गर्दी झाली की वारा अडतो, वाफ कोंडते आणि चुरो वाळण्याऐवजी वाफवले जातात. वरून तेलाचा ब्रश फिरवलात तर रंग अधिक सारखा येतो. १९० अंशांना दहा-बारा मिनिटं लागतात. कढईत तीन-चार पुरतात. या सावकाश वाळण्यामुळेच साल जरा जाड, चिवट होते. तळलेल्या चुरोचा तो काचेसारखा कुरकुरीतपणा हवेने येत नाही.

चरबीचाही हिशेब नीट मांडायला हवा. तळताना वाफ बाहेर रेटत असते तोवर तेलाला आत शिरायला फारशी जागा नसते. बरंचसं तेल शिरतं ते चुरो बाहेर काढल्यावर: आतली वाफ थंड होऊन आक्रसते आणि सालीवरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून काढल्या काढल्या तेल टिपून घेतलं तर खूप फरक पडतो. उलट एअर फ्रायरमधल्या कोरड्या चुरोला साखर चिकटतच नाही, म्हणून वितळलेलं लोणी फासतात. १४ ग्रॅम लोण्यात सुमारे १०० किलोकॅलरी असतात. त्यात साखर आणि मैदा तर दोन्हीकडे तेवढाच. तेल कमी लागतं हे खरं. पण हा पदार्थ ‘डिटॉक्स’ करतो, वजन उतरवतो, असं सांगणारे लोकांची फसवणूक करत आहेत.

तितकीच चुकीची आहे दुसऱ्या टोकाची भीती. ‘एअर फ्रायरच्या किरणांनी कॅन्सर होतो’ असा निरोप घरोघरी फिरतो आहे. या यंत्रात मायक्रोवेव्हही नसतात आणि किरणोत्सारही नसतो. तापलेली कॉइल अवरक्त किरण टाकते, तसे ते निखाराही टाकतो. काळजी करायचीच तर कॅन्सरला कारण ठरू शकणाऱ्या एका रसायनाची, अ‍ॅक्रिलामाइडची करावी. स्टार्चयुक्त पदार्थ १२० अंशांहून जास्त तापमानाला तळले-भाजले की ते तयार होतं, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये जाहीर केलं. कढई असो वा एअर फ्रायर, चुरो सोनेरी झाला की थांबावं. काळपट होऊ देऊ नये.

बाकीच्या मेक्सिकन पदार्थांचं काय? एम्पानादा उत्तम होतात, कारण त्या मेक्सिकोतही अनेकदा भाजूनच करतात. भोपळा आणि पिलोन्सियो नावाचा त्यांचा गूळ एकत्र आटवून सारण करायचं आणि वाफेसाठी वर काट्याने दोन टोचे मारायचे. कोंचालाही तेलाची गरज नाही, तिथे अडचण वेगळीच. त्याच्यावरचं साखर, मैदा आणि लोण्याचं कवच ताणलं जात नाही. खालचा यीस्टचा पाव फुगताना ते शिंपल्यासारखं तडकतं. वाऱ्याने आणि वरच्या कॉइलने कवच लवकर वाळलं तर पाव पुरता फुगायच्या आत अडकतो. म्हणून इथे १५० ते १६० अंशच बरे. बुन्युएलो मात्र जमत नाहीत. लोखंडी साचा पातळ पिठात बुडवून करायचे बुन्युएलो तर जाळीतून ठिबकूनच जातील: त्या पिठाला आकार द्यायला क्षणात साल धरवणारं तेलच लागतं. गुडघ्यावर ताणून पारदर्शक केलेल्या चपट्या बुन्युएलोंना पंख्याचा वारा उचलतो आणि कॉइलला नेऊन चिकटवतो.

एका कामात मात्र एअर फ्रायर कढईपेक्षाही सरस आहे. चुरो निवला की आतल्या ओल्या भागातलं पाणी सालीत झिरपतं आणि साल नरम पडते. अशा शिळ्या चुरोच्या सालीत पाणी थोडंच असतं, त्यामुळे कोमट रेंगाळण्याचा तो लांबलचक टप्पा जवळजवळ टळतो. १८० अंशांना तीन मिनिटं ठेवा, साल पुन्हा कुरकुरीत होते. साखर मात्र नंतर लावा, नाहीतर ती कॉइलखाली करपते.