डेल्कोच्या झाकणाखाली

जुन्या पद्मिनीचं बॉनेट उघडून मेकॅनिक ‘डेल्को बघतो’ म्हणतो, तेव्हा त्याला डिस्ट्रिब्युटर म्हणायचं असतं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला पाळीपाळीने ठिणगीचा विद्युतदाब वाटून देणारा भाग. त्यातला पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवावं का, हा इथला प्रश्न. हे नाव अमेरिकेतलं. ओहायोमधल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांनी 1909 मध्ये सहकाऱ्यासोबत कंपनी काढली, तिच्या नावातून ‘डेल्को’ हा शब्द घडला. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट (कॅमच्या धक्क्याने उघडझाप करणारा विद्युत संपर्क) ही त्यांची मांडणी कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या पद्मिनीपर्यंत जवळजवळ तशीच टिकली.

बॅटरी 12 व्होल्टची, आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला हजारो व्होल्ट हवेत. कॉइल ते देते, पण करंट तुटतो त्या क्षणी. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड तारेतून तीन-चार अँपिअर करंट वाहतो, लोखंडी गाभ्यात चुंबकक्षेत्र साठतं. कॅमने पॉइंट उघडला की ते कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत प्रचंड दाब उसळतो. करंट जितका झटक्यात तुटेल तितकी ठिणगी जोमदार.

पॉइंट कमी पडतो तो इथेच. मिनिटाला 4000 फेऱ्यांवर चार सिलिंडरच्या इंजिनात तो सेकंदाला 133 वेळा उघडतो. दर वेळी फटीत छोटासा आर्क होऊ पाहतो. कंडेन्सर तो बराचसा आवरतो, तरी धातू जळत राहतो. शिवाय कॅमवर घासणारी टाच झिजते, फट बारीक होते आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी उडण्याची वेळ, मागे सरकतं. गाडी चढावर दम टाकू लागते. स्टार्टर इंजिन हळू फिरवतो तेव्हा पॉइंटही सावकाश उघडतो. म्हणूनच पहाटेच्या थंडीत गाडी रुसते.

इलेक्ट्रॉनिक किटमध्ये डेल्कोत फिरणाऱ्या रोटरखाली चुंबकांची कडी बसते आणि पॉइंटच्या जागी सेन्सर. करंट वाहणाऱ्या पट्टीवर चुंबकक्षेत्र आलं की आडव्या दिशेने किंचित विद्युतदाब तयार होतो, हे एडविन हॉल यांनी 1879 मध्ये दाखवलं होतं. तोच इशारा घेऊन ट्रान्झिस्टर करंट तोडतो. घासणारं काही नाही, त्यामुळे फट बिघडण्याचा प्रश्नच नाही.

मला हा बदल मनापासून पटतो. झाकण लावलं की गाडी बाहेरून होती तशीच दिसते. पण डेल्कोच्या बुशमध्ये खेळ असेल किंवा वेगानुसार टायमिंग पुढे नेणारी आतली वजनं गंजली असतील, तर आधी ते दुरुस्त करा. किट त्यावर इलाज नाही. कॉइलचा रोध किटला जुळतो का, तेही पाहा. कॉइलच्या वाटेत बॅलास्ट रेझिस्टर (करंट आवरणारा रोध) असेल, तर सेन्सरची तार बहुतेक किटमध्ये त्याच्या आधी, पूर्ण 12 व्होल्टवर जोडतात. तारा उलट लागल्या तर मॉड्यूल क्षणात जळू शकतं. इंजिन बंद ठेवून चावी चालू ठेवू नका, कॉइल तापते. शेवटी टायमिंग लाइटने टायमिंग नव्याने लावा.

काढलेली प्लेट मात्र पॉइंट-कंडेन्सरसकट डिकीत ठेवा. जळालेलं मॉड्यूल रस्त्यात दुरुस्त होत नाही. पॉइंट पॉलिश पेपर आणि फिलर गेजवर (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाटातही लावता येतात.