पत्ता देऊन भागत नाही

व्यसनावरचे उपचार संपवून घरी निघालेल्या माणसाच्या हातात बहुधा एक कागद असतो: स्वमदत गटाची सभा कुठे, कोणत्या वारी, किती वाजता. कागद खिशातच विरतो. १९८१ साली अमेरिकेत याची छोटीशी परीक्षा झाली. दारूच्या प्रश्नासाठी मदत घेणाऱ्या २० जणांपैकी काहींना अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या सभांची माहिती देऊन ‘जात जा’ असं सांगितलं. बाकीच्यांसमोर समुपदेशकाने गटातल्या जुन्या सदस्याला तिथल्या तिथे फोन लावला, दोघांचं बोलणं करून दिलं. सदस्याने सोबत न्यायचं कबूल केलं आणि आदल्या रात्री आठवणही केली. ही दुसरी मंडळी सगळी सभेला गेली. पहिल्यांतला एकही गेला नाही. वीस माणसं म्हणजे फार नव्हे, पण फरक इतका ढळढळीत क्वचितच दिसतो.

सभेला गेल्याने होतं काय? दारूपुरता पुरावा बरा आहे. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले. गटाशी पद्धतशीर जोडून देणाऱ्या उपचारांत वर्षानंतर सुमारे ४२ टक्के लोक पूर्णपणे दारूपासून दूर होते, इतर उपचारांत ३५ टक्के. इतर नशांबाबत पुरावा याहून तोकडा आहे. परिणामाचं मोठं कारण प्रवचन नसून संगत आहे. जुन्या मित्रांचा कट्टा सुटला की संध्याकाळ रिकामी होते, आणि ती भरायला माणसंच लागतात.

तलफ लाटेसारखी चढते आणि बहुधा १५ ते ३० मिनिटांत ओसरते. सोबत्याचं, म्हणजे गटातल्या जुन्या सदस्याचं, काम तेवढा वेळ निभावून नेण्याचं. फोन आला की उपदेश करू नये. कुठे आहेस, शेजारी कोण आहे, जेवलास का, एवढंच विचारावं. मग ‘तिथून बाहेर पड, चालत राहा, फोन ठेवू नकोस’. पण ऐन तलफेत पहिल्यांदाच नंबर फिरवणं कुणालाच जमत नाही. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे, काही अडचण नसतानाही, रोज ठरल्या वेळी फोन करायची सवय लावतात. नंबर एक नको, तीन हवेत; एक जण नेमका तेव्हाच झोपलेला असतो.

बिघडतं ते बहुतेकदा सोबती डॉक्टर होऊ पाहतो तेव्हा. ‘गोळ्या सोड, तीही नशाच’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो घातक आहे. अफूवर्गीय (हेरॉइनसारख्या) नशेसाठी दिलेली ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही औषधं मृत्यूचा धोका कमी करतात. ती सोडून माणूस पुन्हा घसरला, तर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि पूर्वीचीच मात्रा श्वास थांबवू शकते. अशा माणसाच्या घरी नॅलोक्सोन, म्हणजे अफूवर्गीय नशेचा अतिरेक उतरवणारं औषध, असावं, ते कसं द्यायचं हे घरच्यांना ठाऊक असावं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांत भ्रम आणि थरथर. ते दवाखान्याचं काम, सभेचं नव्हे.

दुसरी गफलत दिवस मोजण्यात होते. दोनशे दिवस झालेले असतात, एका रात्री पाऊल घसरतं, आणि ‘गेलंच सगळं’ म्हणून माणूस आठवडाभर पीत राहतो. तो एक पेला आणि तो आठवडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या काळात शरमेपोटी त्याने फोन बंद ठेवलेला असतो. म्हणून चांगल्या गटात एक साधा नियम पाळतात: कुणी लागोपाठ दोन सभा चुकवल्या की फोन त्याने नाही, आपण करायचा. ‘प्यायलास का?’ असं विचारायचं नाही. ‘उद्या साडेसहाला खाली उभा राहतो, तू ये,’ एवढंच सांगायचं.