गळ आणि आमिष (खानदेश)

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील नद्या-ओढ्यांवर काठाला बसून मासे धरण्याची साधने. पोटापाण्याची मासेमारी इथे मुख्यतः जाळ्यांवर चालते. गळ एकट्या माणसाचा, संध्याकाळच्या कालवणापुरता.

कोणता गळ न् कोणते आमिष, हे माशाआधी पाणी ठरवते. तापीला उत्तरेकडून मिळणाऱ्या सुकी, अनेर, गोमाई या नद्या सातपुड्यातून खडकांवरून उतरतात. गिरणा, पांझरा, बोरी दक्षिणेकडून येतात. पावसाळ्यात सगळ्यांना गढूळ लोंढा, हिवाळ्यात नितळ धार आणि चैत्रानंतर बहुतेक ठिकाणी नुसते डोह. डोंगरी ओढा म्हटले की पुस्तकांतून ट्राउट आठवतो. पण तो काश्मीर, हिमाचल किंवा निलगिरीच्या गार पाण्याचा मासा. चाळिशीपार जाणाऱ्या खानदेशी उन्हाळ्यात त्याचा निभाव लागणार नाही.

साधन साधे असते : बांबूची काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा), शिशाचा तुकडा, गळ आणि तरंगता बोया. बोया मोरपिसाच्या दांडीचा, थर्माकोलचा नाहीतर झिजलेल्या चपलेच्या तळाचा. गळाचा नंबर वाढला की गळ लहान होतो, इथे नवखा हमखास फसतो. चिलापीसारख्या लहान तोंडाच्या माशाला दहा-बारा नंबरचा बारीक गळ चालतो. मरळीसाठी त्याहून बराच मोठा लागतो. नितळ पाण्यात तंगूस जितका बारीक तितका बरा, कारण जाड तंगूस माशाला दिसतो. गढूळ पाण्यात ही चिंता नाही.

आमिषांत गांडूळ सर्वांत सोपे. पहिल्या पुराच्या गढूळ पाण्यात मासा वासावर येतो, तेव्हा त्याला तोड नाही. वाम आणि शिंगाळाही त्यावरच लागतात, तेही अंधार पडल्यावर, तळाशी. वाम गळ गिळून दगडाच्या कपारीत शिरते, म्हणून लागताच ओढून काढावी लागते. शिंगाळ्याच्या पाठीवरचा व कल्ल्यांजवळचा काटा बोटात गेला की हात बराच वेळ ठणकत राहतो. त्याला तोंडातून गळ काढताना फडक्यात धरतात.

रोहू, कटला, मृगळ यांना कणीक लागते. कणकेत शेंगदाण्याची पेंड, जरासा गूळ, कुणाच्या हातचा चिमूटभर हिंग. ही गोळी पाण्यात विरघळून गळ उघडा पडतो, त्यावरचा उपाय कापूस पिकवणाऱ्या मुलखाला शोभेसा आहे : पिंजलेल्या कापसाचे चार तंतू कणकेत मळायचे. गोळी मग सहज सुटत नाही. कटल्याचे तोंड वर वळलेले, तो वरच्या थरात चरतो, मृगळ तळाशी. म्हणून एकच गोळी असली तरी बोया कुठे बांधायचा हे वेगळे. हिवाळ्यात पाणी नितळले, की काठाच्या गवतातला नाकतोडा उथळ धारेत सोडून पाहावा. वरवर चरणारे लहान मासे त्यावर झेपावतात.

मरळ मात्र वेगळाच जीव. ती वर येऊन हवा घेते, त्यामुळे आटत्या डोहातही तग धरते आणि शेवाळाच्या कडेला दबा धरून बसते. तिला जिवंत बेडूक किंवा लहान मासोळी लावतात. बोया बुडाला की नवखा लगेच झटका देतो आणि रिकामा गळ हातात येतो. मरळ आधी आमिष तोंडात धरून सरकते, गिळते मागाहून. तंगूस थोडा सैल सोडून वाट बघणाऱ्यालाच ती मिळते.

धरणे व मोठ्या तलावांतील मासेमारीचे हक्क सहसा सहकारी संस्थांकडे किंवा ठेकेदाराकडे असतात, तिथे विचारूनच बसावे लागते. ओढ्यांवर असे कुणी नसते. असतो तो फक्त संकेत. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिलांचा घोळका दिसला की खाली मरळ राखणीला असते आणि समोर पडेल त्यावर धावते. तिथे गळ टाकणे फार सोपे. जुने गळकरी टाकत नाहीत, कारण राखणदार गेली की इतर मासे त्या घोळक्यावर तुटून पडतात.