फुलीचा तो झेंडा राष्ट्रध्वज होता का?

अमेरिकी यादवी युद्धाच्या चित्रांसोबत एक ओळ फिरते: लाल कापडावर निळी फुली, 13 तारे, हा दक्षिणेकडच्या फुटीर राज्यांचा राष्ट्रध्वज.

नाही. मार्च 1861 चा त्यांचा पहिला राष्ट्रध्वज लाल-पांढऱ्या-लाल आडव्या पट्ट्यांचा, कोपऱ्यात निळ्यावर ताऱ्यांचं वर्तुळ. रणांगणात तो शत्रूच्या झेंड्यासारखाच दिसे, म्हणून व्हर्जिनियातल्या फौजेने फुलीचं निशाण घेतलं. 1863 मध्ये तेच पांढऱ्या राष्ट्रध्वजाच्या कोपऱ्यात आलं, त्यामुळे घोटाळा होणं साहजिक आहे.

संग्रहालयांच्या नोंदींतली मापं बघा: त्या फौजेच्या पायदळाचं निशाण चौरस, साधारण 48 इंची. आज विकतात ते आयताकृती.

पण ‘राष्ट्रध्वज नव्हता, मग तो आज मिरवण्यावर आक्षेप कशाला?’ हेही पटणारं नाही. ती फौज गुलामगिरी राखणाऱ्या राज्यांसाठीच लढली आणि 1948 पासून वर्णभेदाच्या समर्थकांनी हेच निशाण मिरवलं.